साधा मंगळवार आणि देवाकडे लक्ष: या भागाचा लिखित मजकूर

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा जे मेट्रोत इअरफोन विसरतात, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेलं "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरंचसं गाळलंय. थोडं उरलं असेल तर सांभाळून घ्या.

आजचा विषय नाताळ नाही, गुड फ्रायडेही नाही. आजचा विषय आहे मंगळवार. कुठलाही, बिनमहत्त्वाचा मंगळवार. डिसेंबरात देवाची आठवण ठेवायला फार कष्ट पडत नाहीत. घरावर तारा लागलेला असतो, कॅरोलवाली मंडळी रात्री अकराला दार वाजवतात, सदर भागातून जाताना ऑल सेंट्स कॅथेड्रलची रोषणाई दिसते. (नवीन श्रोत्यांसाठी कंसातली माहिती: चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकत्रित मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झाली. क्विझमध्ये विचारलं तर लक्षात ठेवा.) पण वर्षातले बहुतेक दिवस असे नसतात. कॅथलिक उपासना-वर्षात तर या दिवसांना नावच आहे, सामान्य काळ. आगमन काळ, नाताळ, लेंट आणि पुनरुत्थान काळ वजा केले की सामान्य काळाचे ३३ किंवा ३४ आठवडे उरतात. म्हणजे ५२ पैकी जवळपास दोन तृतीयांश वर्ष "विशेष काही नाही" असं आहे, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. स्टँडअप मीटिंग, स्कूटीचं पंक्चर, आईचा फोन, क्लायंटचा मेल या सगळ्यात देव कुठे बसतो?

बरेच जण याचं उत्तर "सकाळी लवकर उठा" असं देतात. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. येशूचंच उदाहरण घेऊ. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडा. कफर्णहूममध्ये शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात शिकवणं झालं, तिथेच एका माणसाला बरं केलं, मग पेत्राच्या सासूचा ताप उतरवला, आणि सूर्य मावळल्यावर अख्खं गाव आजारी माणसं घेऊन दारात उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. प्रवचनात आपल्याला इथपर्यंतच सांगतात. पण पुढची ओळ जास्त कामाची आहे. शिष्य त्याला शोधत मागे येतात आणि सांगतात की सगळे तुलाच शोधताहेत. आजच्या भाषेत, ४७ मिस्ड कॉल. आणि तो परत त्या दारात जात नाही. म्हणतो, चला, शेजारच्या गावांत जाऊ.

माझ्या मते त्या पहाटेच्या प्रार्थनेतून मनःशांतीपेक्षा एक निर्णय बाहेर पडला: कुठल्या हाकेला "हो" म्हणायचं आणि कुठल्या हाकेला नाही. लक्ष ठेवणं म्हणजे मुळात हेच. डोळे मिटून बसणं हा त्याचा एक भाग झाला.

फोन कसा हाक मारतो

आता थोडं माझ्या धंद्यातलं. प्रोग्रामला बाहेरची बातमी कळायचे दोन मार्ग असतात. पहिला पोलिंग: प्रोग्राम ठरावीक वेळाने स्वतः जाऊन विचारतो, "काही नवीन आहे का?" दुसरा इंटरप्ट: बाहेरून कोणीतरी खांदा हलवतो, हातातलं काम जिथे आहे तिथे थांबतं, आधी त्याचं ऐकलं जातं. तुमच्या फोनवरचं पुश नोटिफिकेशन या दुसऱ्या जातीचं. फोन सर्व्हरशी एक जोडणी सतत उघडी ठेवतो, आणि सर्व्हरला वाटेल तेव्हा तो त्यातून निरोप ढकलतो. वेळ तुम्ही ठरवत नाही, समोरचा ठरवतो.

ख्रिस्ती परंपरेत प्रार्थनेच्या ठरावीक वेळा का आल्या, हे मला या चष्म्यातून जास्त नीट दिसतं. दानीएल बाबेलमध्ये दिवसातून तीनदा खिडकी उघडून गुडघे टेकत असे. मठांमध्ये दिवसाचे प्रहर ठरलेले. कॅथलिक घरांत सकाळ-दुपार-संध्याकाळच्या घंटेला देवदूताचा निरोप ही प्रार्थना. आपल्या मराठी प्रोटेस्टंट घरांत रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर कौटुंबिक प्रार्थना, "उपासना संगीत"मधलं एक गीत, शास्त्रपाठ, आजोबांची न संपणारी प्रार्थना आणि तोवर धाकट्याची झोप. हे सगळं पोलिंग आहे. वेळ आधी ठरलेली, मनःस्थिती कशीही असो. "मूड आला की प्रार्थना करीन" असं ज्याचं धोरण आहे तो इंटरप्टवर विसंबून आहे, आणि इंटरप्टच्या शर्यतीत इन्स्टाग्राम नेहमी जिंकणार. त्यामागे पगारी इंजिनिअरांची टीम आहे.

पण फोन आला म्हणून मन भरकटायला लागलं, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक साधू राहत होता. ३९९ मध्ये तो वारला. झोपडीत एकट्याने राहणाऱ्या साधूंचं मन कसं चालतं, याची त्याने बारीक नोंद ठेवली. दुपारी एक विशिष्ट त्रास सुरू होतो, असं तो सांगतो. ऊन सरकतच नाही. दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन सूर्य किती सरकला ते पाहतो, कोणी भेटायला येतंय का याचा अंदाज घेतो. मग त्याला वाटतं ही जागाच चुकीची आहे, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं, इथे कोणाचं प्रेमच नाही माझ्यावर. ग्रीकमध्ये या अवस्थेला अकेदिया म्हणतात. मराठीत "आळस" म्हणून भागत नाही, कारण हा साधू झोपलेला नाही, उलट अस्वस्थपणे हालचाल करतोय. नागपुरी भाषेत म्हणाल तर "मन लागून नाही राहिलं भाऊ".

मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर, कूलरचं पाणी संपलेलं असताना, दुपारी तीनला आपण जे फोन उघडतो, बंद करतो, परत उघडतो, ते हेच. कोणाचा मेसेज येणार नसतो. आपण दाराकडे बघत असतो. इव्हाग्रियसचा सल्ला अगदी साधा होता: झोपडी सोडू नकोस. जे काम हातात आहे, टोपली विणणं असो की प्रार्थना, ते संपेपर्यंत जागेवर राहा. ही अस्वस्थता सहन केली की मागून एक शांतता येते, असं त्याचं निरीक्षण होतं. आणि मनात येणाऱ्या विचारांना उत्तर द्यायला त्याने शास्त्रवचनांचा एक संग्रहच बनवला होता, अमुक विचार आला तर अमुक वचन. प्रोग्रामरला "इफ-एल्स" लगेच ओळखू येईल.

नागपूर ते राजनांदगाव

आता आपल्या गावाची गोष्ट. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला अहमदनगरचे म्हणून माहीत आहेत, पण त्यांच्या आयुष्याचं वळण आपल्या स्टेशनवरून सुटलेल्या गाडीत आहे. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो बोलून गेला. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं, पण पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. वाचता वाचता मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते पोहोचले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या गोष्टीतली भविष्यवाणी लोक रंगवून सांगतात. मला मधली पायरी जास्त महत्त्वाची वाटते. एका परक्या माणसाला दिलेला "वाचीन" हा शब्द. आवड नव्हती, ओढ नव्हती, श्रद्धा तर नव्हतीच. फक्त कबूल केलं होतं म्हणून पान उलटलं. लक्ष आधी दिलं गेलं, प्रेम मागून आलं. आपण उलट्या क्रमाची वाट बघत बसतो, की आधी ओढ वाटू दे, मग वाचू.

पण टिळकांची गोष्ट इथेच सोडली तर अर्धी राहील. एका माणसाचं लक्ष देवाकडे लागलं, तेव्हा दुसऱ्या एका माणसाचं घर मोडलं. लक्ष्मीबाई टिळक. शाळेत न गेलेली बाई, नवरा धर्म बदलतो, आणि लहान मुलाला घेऊन ती काही वर्षं दुराव्यात, नातेवाइकांच्या आधाराने काढते. नंतर संसार पुन्हा जुळला आणि १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला, पण तो स्वतःच्या पावलांनी चालत जाऊन. ही सगळी हकिगत "स्मृतिचित्रे"मध्ये आहे. १९३४ पासून ते पुस्तक चार भागांत येत गेलं. मराठीत आत्मचरित्र म्हणून त्याचं स्थान काय आहे ते सांगायला मी लागत नाही. वाचलं नसेल तर हा भाग इथेच थांबवा आणि ते वाचा, खरंच.

मला त्या पुस्तकात एक गोष्ट सारखी जाणवते. त्यात देवाबद्दल वेगळ्या प्रकरणात असं फार काही नाही. स्वयंपाक आहे, सोवळं आहे, पाणी कोणाच्या हातचं प्यायचं हा प्रश्न आहे, आलेल्या-गेलेल्याचं जेवण आहे, टिळकांचा विसरभोळेपणा आणि हातातला पैसा कोणालाही देऊन टाकण्याची सवय आहे. श्रद्धेतला बदल या सगळ्यातूनच घडतो. सोवळं सुटणं हा त्यांच्यासाठी चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी, कोण माणूस आणि कोण अस्पृश्य या प्रश्नाचा निकाल होता. टिळकांचं लक्ष विजेसारखं, एका जागी पडणारं. लक्ष्मीबाईंचं मंद आचेसारखं. टिळकांनी "ख्रिस्तायन" हे महाकाव्य सुरू केलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. उरलेलं प्रचंड काम पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

म्हणून तरुण मुलांना, विशेषतः नवीन उत्साहात असलेल्यांना, मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या आध्यात्मिक एकाग्रतेचं बिल घरात कोण भरतंय? तुम्ही तीन तास प्रार्थना-सभेत आणि आई एकटी भांडी घासतेय, असं तर नाही ना? मार्था आणि मरीयेची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि ती सहसा मार्थाला गप्प करायला वापरली जाते. येशूने तिच्या कामाला नावं ठेवलेली नाहीत. अनेक गोष्टींनी तिचं मन ओढाताणीत आहे, हे त्याने दाखवलं. भांडी घासणारं मन एकाग्र असू शकतं आणि प्रार्थनेला बसलेलं मन विखुरलेलं.

याचा सगळ्यात प्रसिद्ध साक्षीदार पॅरिसमधला एक स्वयंपाकी आहे. ब्रदर लॉरेन्स, कार्मेलाइट मठातला साधा बंधू, १६९१ मध्ये वारला. त्याला स्वयंपाकघराचं काम मनापासून नावडतं होतं, आणि नेमकं तेच वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला आलं. त्याचं म्हणणं होतं की प्रार्थनेच्या वेळी आणि कामाच्या वेळी देवाशी वागण्यात फरक पडू नये. मन भरकटलं की तो स्वतःला झोडपत बसायचा नाही. परत आणायचा आणि पुढचं काम हातात घ्यायचा. हे ऐकायला सोपं आहे. तव्यावर पोळी करपत असताना करून बघा.

वहीतले ठिपके

काही ठोस करायचं असेल तर मला इग्नेशियस लोयोलाचा मार्ग सगळ्यात इंजिनिअरी वाटतो. त्याच्या "आध्यात्मिक साधना" या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत आहे: दिवसाबद्दल आभार, प्रकाश मागणं, तासातासाने मागे वळून बघणं, क्षमा, आणि उद्याचा संकल्प. पण मला आवडते ती त्यातली दुसरी गोष्ट. एकच खोड निवडायची. सकाळी उठल्यावर ती आठवायची. दुपारी आणि रात्री मोजायचं, किती वेळा झाली, आणि वहीतल्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. वरची रेघ दुपारची, खालची रात्रीची. दिवसागणिक रेघा आखूड होत जातात, कारण ठिपके कमी होतील अशी अपेक्षा. सोळाव्या शतकातला हा हॅबिट ट्रॅकर, आणि यात लाल-हिरवे रंग नाहीत, शाबासकीचे फटाके नाहीत.

इथे बायबल ॲपमधल्या स्ट्रीकबद्दल बोलायलाच हवं, कारण त्यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात. "२०० दिवसांची स्ट्रीक तुटली, फार वाईट वाटतंय." बघा, स्ट्रीक ही आमच्या धंद्यात रिटेन्शनची युक्ती आहे, वापरणारा परत यावा म्हणून. ॲपला एवढंच कळतं की तुम्ही ते उघडलं. तुम्ही वाचलं का, वाचून कोणाला माफ केलं का, हे त्याच्या डेटाबेसमध्ये नाही. सवय लागेपर्यंत कुबडी म्हणून चालेल. पण स्ट्रीक वाचवायला रात्री ११:५८ ला झोपेत एक वचन स्क्रोल करत असाल, तर ती सरळ बंद करा. इग्नेशियसचे ठिपके आणि स्ट्रीक यातला फरक हा की ठिपके तुम्हाला स्वतःबद्दल खरं सांगतात, स्ट्रीक तुमची स्तुती करते.

एक संशोधनातली गोष्टही सांगतो. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा एक गाळ पहिल्या कामापाशीच राहतो. नंतरच्या अभ्यासात असंही दिसलं की काम सोडण्याआधी "कुठे थांबलो, पुढे काय करायचं" एवढं पटकन लिहून ठेवलं तर तो गाळ कमी होतो. याचा प्रार्थनेशी थेट संबंध आहे. डोळे मिटले की विजेचं बिल आठवतं, बरोबर? त्याच्याशी कुस्ती खेळू नका. शेजारी एक कागद ठेवा, "बिल, उद्या दहाला" लिहा, आणि परत या. कागद म्हणतोय मी, फोन नाही. नोट्स उघडायला फोन हातात घेतला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

छापील बायबल की फोनवरचं, यावर मी फार कट्टर नाही. खापरी ते सीताबर्डी मेट्रोत उभ्याने छापील ग्रंथ उघडणं जमत नाही, फोनवर ऑडिओ ऐका, उत्तम. घरी असाल तर छापील घ्या, एवढंच. त्या पुस्तकाला दुसरं कुठलंही काम करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

आणि एकाग्रता म्हणजे जगाकडे पाठ, असं समजणाऱ्यांसाठी स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आपल्याकडे आहे, ते. १८४५ मध्ये हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. शाळा चालवली, उपदेश केला, आणि त्याच वेळी इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी-कथा टिपून ठेवल्या. एका खनिजाला त्यांचं नाव आहे, हिस्लोपाइट. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. दगडाकडे इतकं निरखून बघणाऱ्या माणसाचं देवाकडे दुर्लक्ष झालं असेल, असं मला तरी वाटत नाही.

शेवटी एका श्रोत्या ताईंचा प्रश्न. त्या नर्स आहेत, आयसीयूत, आठवड्याआड नाइट ड्यूटी. त्यांनी लिहिलंय, "दादा, पहाटेची शांत वेळ, कौटुंबिक प्रार्थना, हे सगळं दिवसा काम करणाऱ्यांसाठी आहे. मी सकाळी नऊला घरी येते आणि डोळे उघडे राहत नाहीत. रविवारची उपासनाही महिन्यातून दोनदा चुकते. माझं काय?"

ताई, तुमच्यासाठी घड्याळाची वेळ बदलते, पद्धत तीच राहते. वेळेऐवजी कामाला खुंटी बांधा. तुम्ही एका शिफ्टमध्ये कितीतरी वेळा हात धुता. प्रत्येक वेळी नाही, पण ज्या बेडकडे जाताय त्या बेडच्या आधी एकदा, हात धुता धुता त्या माणसाचं नाव देवापुढे घ्या. नावच फक्त, वाक्य नको. शिफ्ट संपली की हँडओव्हर देताच ना? पुढच्या नर्सला सगळं सांगून झाल्यावर, लिफ्टमध्ये, तोच हँडओव्हर देवाला द्या: अमुक बरे आहेत, अमुकांचं कठीण आहे, आता माझी ड्यूटी संपली, तुझी चालू आहे. आणि मग घरी जाऊन झोपा. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला अखंड प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा तिथेही हाताने काम करून पोट भरणारी माणसं होती.

ज्या रविवारी सुट्टी असेल त्या रविवारी मात्र फोन पर्समध्ये ठेवून चर्चला जा. पाळकसाहेबांना तुमचं रोस्टर एकदा दाखवून ठेवा. नाइटच्या आठवड्यात कोणीतरी तुमच्यासाठी रात्री दहाला प्रार्थना करायची, अशी व्यवस्था मंडळीत होऊ शकते, फक्त तुम्ही कधी ड्यूटीवर आहात ते त्यांना कळायला हवं.